घरचा डीएनएस फिल्टर दर काही दिवसांनी निसटतो: कारणं आणि पक्का इलाज

लक्षणं साधारण अशी असतात. साइटचं नाव विचारलं की तिचा पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस; जाहिरातींची नावं तिथेच अडवायला घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर पाय-होल किंवा ॲडगार्ड होम हा फिल्टर बसवून झालं. पहिल्याच दिवशी सगळ्या फोन-लॅपटॉपवरच्या जाहिराती गेल्या, डॅशबोर्डवर अडवलेल्या क्वेरींचा (विचारणांचा) आकडा चढताना दिसला. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी एखाद्या लॅपटॉपवर जाहिराती परत दिसायला लागतात. डॅशबोर्ड हिरवा, सेवा चालू, ब्लॉकलिस्ट ताजी. लॅपटॉप रीस्टार्ट केला की सगळं ठीक. काही दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी दुसऱ्याच फोनवर.

अशा वेळी बहुतेक जण ब्लॉकलिस्टा बदलत बसतात, नवीन याद्या भरतात, फिल्टर पुसून परत बसवतात. त्याने काही दिवस बरं वाटतं, कारण या खटाटोपात सगळी उपकरणं एकदा नेटवर्कला नव्याने जोडली जातात. मूळ दोष तसाच राहतो. तो जवळजवळ नेहमीच फिल्टरमध्ये नसतो, तर उपकरणाला फिल्टर सोडून दुसरीकडे विचारायची वाट कुठेतरी उघडी असते.

जाहिरात दिसणं हा त्यातला किरकोळ भाग. उपकरण फिल्टरला वळसा घालतं तेव्हा घरातून कोणत्या साइट उघडल्या जातात, कुठलं ॲप रात्री किती वाजता कुणाच्या सर्व्हरला हाक मारतं, ही सगळी यादी दुसऱ्या कुणाकडे तरी जात असते. ज्यासाठी हे सगळं उभारलं तेच हातातून जातं, आणि डॅशबोर्डवर त्याची काही खूण उमटत नाही. न आलेली क्वेरी लॉगमध्ये कशी दिसणार?

आधी फिल्टर बंद करून बघा

फिल्टर चालू असताना तपासण्यापेक्षा तो बंद करून केलेली तपासणी जास्त खरं सांगते. घरातल्यांना आधी सांगून, डीएनएसची सेवा पाच-दहा मिनिटं पूर्ण थांबवा. डॅशबोर्डवरचं ‘ब्लॉकिंग थांबवा’ हे बटण इथे उपयोगाचं नाही. त्याने फिल्टर अडवायचं थांबवतो, उत्तरं देतच राहतो. सेवा थांबली की एकेका उपकरणावर एखादी नवी साइट उघडा, जी त्या उपकरणावर अलीकडे उघडलेली नाही. जुन्या साइटची नावं कॅशेमध्ये असतात आणि चालू असलेल्या जोडण्याही लगेच तुटत नाहीत, म्हणून नवीच हवी.

ही साइट उघडता कामा नये. जिथे उघडली, त्या उपकरणाला दुसरी वाट आहे. या एका तपासणीतून संशयितांची यादी मिळते आणि पुढचं काम निम्मं होतं.

मग त्या उपकरणावर जाऊन त्याला कोणकोणते डीएनएस सर्व्हर मिळालेत ते बघा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड ‘ऑल’ हा पर्याय लावून चालवा. लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ चालवा. त्यात सध्या वापरात असलेला सर्व्हर वेगळ्या ओळीत दिसतो, आणि आपल्याला नेमकी तीच ओळ हवी आहे. मॅकवर ‘एससीयूटिल’ला ‘डीएनएस’ पर्याय द्या. फोनवर वायफायच्या तपशिलात जा. यादीत फिल्टरच्या पत्त्याशिवाय दुसरा एकही पत्ता असेल, मग तो राउटरचा असो, सेवादात्याचा असो की ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस असो, तर चोर सापडला.

विंडोजवर केवळ ‘एनएसलुकअप’वर विसंबू नका. ते सहसा यादीतल्या पहिल्या सर्व्हरला थेट विचारतं, ब्राउझर ज्या मार्गाने जातो त्या मार्गाने जात नाही. ‘एनएसलुकअप’ फिल्टरचं उत्तर दाखवतंय आणि ब्राउझर मात्र भलतीकडे विचारतोय, असं सहज होऊ शकतं.

दोन रकाने, आणि दोन्ही बरोबरीचे

राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, पानावर डीएनएससाठी दोन रकाने असतात. पहिल्यात आपण फिल्टरचा पत्ता घालतो, समजा १९२.१६८.१.१०. दुसऱ्यात, ‘फिल्टर बंद पडला तर घरचं नेट अडायला नको’ म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ असा सार्वजनिक सर्व्हर घालतो. हेतू चांगला आहे, पण वारंवार होणाऱ्या त्रासाचं सगळ्यात मोठं कारण हेच. पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं दार सताड उघडं ठेवण्यासारखं आहे ते.

उपकरणांच्या लेखी हे दोन्ही सर्व्हर सारखेच खरे. पहिल्याने उत्तर दिलं नाही की दुसऱ्याला विचारायचं इथवर बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर पहिल्याकडे परत कधी यायचं, हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापल्या पद्धतीने ठरवते. पारंपरिक लिनक्स दर वेळी यादीच्या सुरुवातीपासून विचारतं आणि उत्तरासाठी मुळात ५ सेकंद थांबतं. अनेक नव्या लिनक्समध्ये डीएनएस सांभाळणारं सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड मात्र एकदा दुसऱ्या सर्व्हरवर गेलं की तिथेच राहतं. तो दुसरा सर्व्हर चुकेपर्यंत पहिल्याकडे परतत नाही. आणि मोठ्या कंपनीचा सार्वजनिक सर्व्हर सहसा चुकत नाही. विंडोजही उत्तर देणाऱ्या सर्व्हरला काही काळ झुकतं माप देतं. फोन कोणत्या क्रमाने विचारेल याची हमी धरून चालू नये.

आता लॉगमध्ये हे कसं दिसतं ते बघा. समजा १९२.१६८.१.२३ हा लॅपटॉप रात्रभर चालू असतो. क्वेरी लॉगमध्ये तेवढाच पत्ता निवडला तर रात्री ३ वाजेपर्यंत दर मिनिटाला चार-सहा ओळी दिसतात: मेलची विचारणा, घड्याळ जुळवणी, कुठल्याशा ॲपची अपडेट तपासणी. ३ वाजून १० मिनिटांनी फिल्टरच्या कॉम्प्युटरवर स्वयंचलित अपडेट होतं, तो रीबूट होतो आणि मिनिटाभरात परत उभा राहतो. ३ वाजून १२ मिनिटांपासून बाकी उपकरणांच्या ओळी पूर्ववत सुरू होतात. १९२.१६८.१.२३च्या नावावर मात्र त्यानंतर एकही ओळ नाही, अगदी सकाळी दहा वाजता त्यावर कुणी काम करत असतानाही. त्या एका मिनिटात लॅपटॉपने दुसरा सर्व्हर धरला आणि सोडला नाही. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर ‘आपोआप बरं’ का होतं, आणि दर काही दिवसांनी दुखणं का उलटतं, ते यातून कळतं: फिल्टरचं प्रत्येक रीबूट म्हणजे निसटायची एक संधी.

इलाज एका वाक्याचा आहे. दुसऱ्या रकान्यात फिल्टरशिवाय दुसरा कोणताही पत्ता नको. रकाना रिकामा सोडता येत असेल तर सोडा. पण सोडल्यावर एखाद्या उपकरणावर जाऊन परत बघा, कारण काही राउटर रिकाम्या जागी गुपचूप स्वतःचा पत्ता वाटतात. तसं होत असेल तर दोन्ही रकान्यांत फिल्टरचाच पत्ता घाला. राउटर तेही करू देत नसेल तर राउटरची डीएचसीपी सेवा बंद करा आणि पाय-होल किंवा ॲडगार्ड होममधली चालू करा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. मग कोणत्या उपकरणाला कुणाकडून पत्ता मिळाला याचा माग काढणं नकोसं होतं.

बदल केल्यावर तो लगेच सगळीकडे पोचत नाही. उपकरणं लीजचा, म्हणजे मिळालेल्या पत्त्याच्या मुदतीचा, निम्मा काळ उलटला की नूतनीकरण मागतात, म्हणजे २४ तासांची लीज असेल तर साधारण १२ तासांनी. तोवर जुनी यादीच चालते. वायफाय बंद-चालू केलं की काम लगेच होतं.

आणि फिल्टरच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता स्थिर ठेवा, राउटरमध्ये आरक्षण करून किंवा त्या कॉम्प्युटरवरच नेमून. तो पत्ता बदलला तर सगळंच एकदम कोसळतं. ते निदान लगेच लक्षात तरी येतं.

फिल्टर बंद पडला तर काय, याचं खरं उत्तर

घरात दुसरं कुणी परीक्षेला बसलेलं असेल, कुणी घरून काम करत असेल, तर ‘फिल्टर पडला की नेट पडलं’ हे चालणार नाही. ही काळजी रास्त आहे आणि तिच्यासाठी दुसऱ्या रकान्याचा योग्य उपयोग करता येतो: तिथे दुसऱ्या फिल्टरचा पत्ता घाला. जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय नावाचा जुना छोटा कॉम्प्युटर, घरात आधीच चालू असलेला फाइल सर्व्हर, यांपैकी कशावरही पाय-होलची दुसरी प्रत आरामात चालते. या कामाला फारच थोडी मेमरी लागते. दोन्हींच्या ब्लॉकलिस्टा आणि अपवाद सारखे ठेवले की उपकरण कुठेही गेलं तरी फरक पडत नाही. दोन्हींची स्वयंचलित अपडेटची वेळ मात्र वेगवेगळी ठेवा. दोन्ही एकाच मिनिटाला रीबूट झाले तर दुसरा असून उपयोग काय?

घरी दुसरं यंत्र नसेल तर मी एकच ठेवीन आणि अधूनमधून दोन मिनिटं नेट अडणं पत्करीन. निसटणाऱ्या फिल्टरपेक्षा ते परवडलं.

आयपीव्ही६: शेजारून जाणारा दुसरा रस्ता

वरचं सगळं नीट केलं तरी फोन निसटतच असेल तर आयपीव्ही६, म्हणजे जुन्या आयपीव्ही४सोबत चालणारी नवी पत्तापद्धत, बघा. आपण डीएचसीपीच्या पानावर जे भरतो ते बहुधा आयपीव्ही४पुरतं असतं. आयपीव्ही६मध्ये राउटर ठरावीक वेळाने ‘राउटर ॲडव्हर्टाइजमेंट’ नावाचा संदेश अख्ख्या नेटवर्कवर पाठवतो, आणि त्या संदेशातच डीएनएस सर्व्हरचा पत्ता देता येतो. सेवादात्याच्या राउटरमध्ये तिथे राउटरचा स्वतःचा किंवा सेवादात्याच्या डीएनएसचा पत्ता आधीच भरलेला असतो. उपकरणाकडे मग दोन याद्या होतात: एक आपण दिलेली, एक राउटरने परस्पर वाटलेली. अँड्रॉइड फोन आयपीव्ही६चा डीएनएस या संदेशातूनच उचलतात, म्हणून राउटरमधल्या डीएचसीपीव्ही६च्या रकान्यात पत्ता भरूनही फोनवर काहीच बदल दिसत नाही.

इथे फिल्टरचा आयपीव्ही६ पत्ता द्यायचा, पण कुठला? कॉम्प्युटरला बाहेरून मिळालेला सार्वजनिक पत्ता देऊ नका. अनेक सेवादाते जोडणी तुटून परत जुळली की पत्त्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे प्रीफिक्स, बदलतात. आज भरलेला पत्ता पुढच्या आठवड्यात शिळा होतो आणि ‘दर काही दिवसांनी’चं दुखणं नव्या वाटेने परत येतं. घरापुरता असलेला, ‘एफडी’ने सुरू होणारा खासगी पत्ता घ्या. २००५च्या आरएफसी ४१९३ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात असे पत्ते याच कामासाठी ठरवून दिलेले आहेत. सेवादात्याच्या बदलांशी त्यांचा संबंध नाही. राउटरला असा प्रीफिक्स वाटता येत असेल तर तो चालू करा, फिल्टरला त्यातला एक पत्ता कायमचा नेमा आणि तोच राउटरच्या आयपीव्ही६ डीएनएसच्या रकान्यात भरा.

राउटरमध्ये असा रकानाच नसेल तर निदान संदेशातून डीएनएस वाटणं बंद करता येतं का ते शोधा. आयपीव्ही६ असलेल्या साइटची नावंही आयपीव्ही४वरच्या डीएनएसला विचारता येतात, त्यामुळे काही बिघडत नाही. तेही जमत नसेल तर घरच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ बंद करणं हा शेवटचा उपाय. मला तो आवडत नाही. चांगला राउटर घेणं किंवा सेवादात्याच्या राउटरमागे स्वतःचा राउटर लावणं जास्त बरं.

पत्ता योग्य पानावर भरलाय ना?

राउटरमध्ये डीएनएस भरायच्या दोन जागा असतात. एक बाहेरच्या जोडणीच्या पानावर, दुसरी आतल्या डीएचसीपीच्या पानावर. फिल्टरचा पत्ता चुकून बाहेरच्या पानावर भरला तरी फिल्टर चालतो, म्हणून ही गोष्ट बरेच दिवस लक्षात येत नाही. उपकरणं राउटरला विचारतात, राउटर फिल्टरला विचारतो. लॉगमध्ये अख्ख्या घराऐवजी एकटा राउटर दिसतो.

यातून एक चमत्कारिक बिघाड होतो. पाय-होलमध्ये एका उपकरणाकडून ६० सेकंदांत १००० पेक्षा जास्त क्वेरी आल्या की तो त्या उपकरणाला थोडा वेळ नकार देतो. ही मर्यादा मुळातच चालू असते. अख्खं घर एकाच पत्त्यावरून विचारत असेल तर ही मर्यादा संध्याकाळच्या वेळी सहज ओलांडली जाते. त्यात एखादा टीव्ही अडवलेल्या नावासाठी दर सेकंदाला टाहो फोडत असेल तर विचारायलाच नको. मग घरातल्या सगळ्यांचं नेट अर्धा-एक मिनिट थांबतं, परत सुरू होतं, परत थांबतं. सेवादात्याला फोन लावण्याआधी पाय-होलच्या निदान संदेशांच्या पानावर ‘रेट लिमिट’ची नोंद आहे का ते बघा. ॲडगार्ड होममध्येही अशी मर्यादा असते, सेकंदाला २० क्वेरींची.

मर्यादा वाढवणं सोपं आहे, पण आधी पत्ता आतल्या पानावर हलवा. उपकरणं थेट फिल्टरला विचारायला लागली की मर्यादेचा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो, आणि लॉगमध्ये कोण काय विचारतंय तेही वेगवेगळं दिसतं.

उपकरणाची स्वतःची मतं

काही वेळा नेटवर्क निर्दोष असतं, पण उपकरण किंवा ब्राउझर नेटवर्कने दिलेला डीएनएस जुमानतच नाही. यात सरसकट घाबरण्यासारखं नाही, एकेक वेगळं बघावं लागतं.

अँड्रॉइडमध्ये २०१८च्या ९व्या आवृत्तीपासून ‘खासगी डीएनएस’ ही सोय आहे. ती ‘आपोआप’वर असेल तर फोन नेटवर्कने दिलेल्या सर्व्हरशीच कूटबद्ध बोलता येतं का ते बघतो, नाही जमलं तर साध्या पद्धतीने विचारतो. म्हणजे घरच्या फिल्टरला त्याचा सहसा त्रास नाही. तिथे एखाद्या सेवेचं नाव लिहिलेलं असेल तर मात्र फोन फक्त तिलाच विचारणार. प्रवासात कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं आणि घरी आल्यावर विसरलेलं असतं.

क्रोमचं ‘सुरक्षित डीएनएस’ मुळात सध्याच्याच सेवेची कूटबद्ध आवृत्ती शोधतं, म्हणून घरचा फिल्टर असेल तर ते गप्प बसतं. हाताने दुसरी सेवा निवडली असेल तर वळसा. फायरफॉक्स स्वतःहून डीएनएस दुसरीकडे नेण्याआधी ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ हे एक ठरावीक नाव विचारतो. ते नाव अस्तित्वात नाही असं उत्तर मिळालं की माघार घेतो. पाय-होल हे उत्तर मुळातच देतो. पण वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः ती सोय चालू केली असेल तर फायरफॉक्स त्याचंच ऐकतो, आणि ते योग्यही आहे. आयफोनवरच्या ‘आयक्लाउड प्रायव्हेट रिले’चंही (रहदारी ॲपलमार्गे लपवून नेणाऱ्या सोयीचंही) असंच: घरच्या डीएनएसने रिलेची नावं नाकारली की फोन त्या नेटवर्कवर रिले चालणार नाही असं वापरणाऱ्याला सांगतो.

घरातल्या प्रौढ माणसाने समजून-उमजून वेगळा डीएनएस निवडला असेल तर मी तो मोडून काढणार नाही. त्याचा फोन, त्याची निवड. फिल्टर सगळ्यांच्या भल्यासाठी आहे हे बोलून पटवावं, गनिमी काव्याने लादू नये.

टीव्ही, स्ट्रीमिंगच्या काड्या, कॅमेरे यांची गोष्ट वेगळी. तिथे निवड माणसाने केलेली नसते, बनवणाऱ्याने आत पत्ता कोरून ठेवलेला असतो. डीएचसीपीने काहीही सांगा, ते उपकरण ८.८.८.८लाच विचारणार. इथे फायरवॉल लागते. दोन मार्ग आहेत. एक, फिल्टरचा कॉम्प्युटर सोडून बाकी कुणालाही पोर्ट ५३वरून, म्हणजे साध्या डीएनएसच्या ठरलेल्या दारातून, बाहेर जाऊ द्यायचं नाही, टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर. बरीच उपकरणं मग निमूटपणे डीएचसीपीने दिलेल्या पत्त्याकडे वळतात. दोन, बाहेर जाणारी प्रत्येक ५३ची विचारणा वाटेतच फिल्टरकडे वळवायची.

वळवताना दोन जागी पाय घसरतो. फिल्टरचा स्वतःचा पत्ता नियमातून वगळायला हवा. नाहीतर फिल्टरने बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला विचारलेलं त्याच्याचकडे परत येतं आणि सगळं घर ठप्प होतं. दुसरं, फिल्टर आणि टीव्ही एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) असतील तर टीव्हीने ८.८.८.८ला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर थेट १९२.१६८.१.१०कडून येतं. टीव्ही अनोळखी पत्त्यावरून आलेलं उत्तर फेकून देतो. म्हणून वळवलेल्या विचारणेवर राउटरने स्वतःचा पत्ता चढवावा लागतो, म्हणजेच मास्करेड. मग उत्तर राउटरमार्गे, योग्य नावाने परत जातं. याची किंमत अशी की लॉगमध्ये त्या क्वेरी राउटरच्या नावावर दिसतात. फिल्टर वेगळ्या सबनेटमध्ये ठेवला तर हेही टळतं. नियम लावल्यावर लॅपटॉपवरून ‘एनएसलुकअप’ने मुद्दाम ८.८.८.८ला एखादं नाव विचारा. ते फिल्टरच्या लॉगमध्ये उमटलं तर वळण बरोबर बसलं. आयपीव्ही६साठी हाच नियम वेगळा लावावा लागतो, आणि तो हमखास राहून जातो.

पोर्ट ८५३ही अडवा, कारण कूटबद्ध डीएनएसचा एक प्रकार तिथून जातो. दुसरा प्रकार, म्हणजे २०१८च्या आरएफसी ८४८४मधला एचटीटीपीएसवरचा डीएनएस, पोर्ट ४४३वरून जातो आणि साध्या वेब रहदारीपासून वेगळा ओळखता येत नाही. माहीत असलेल्या सेवांची नावं ब्लॉकलिस्टमध्ये आणि पत्ते फायरवॉलमध्ये घालता येतात, पण हे दार शंभर टक्के बंद होत नाही. ज्या उपकरणावर विश्वासच नाही त्याला वेगळ्या, इंटरनेट नसलेल्या नेटवर्कवर टाकणं हाच खरा बंदोबस्त.

वीज गेली की बंद पडतो, तो प्रकार

वीज गेली, आली, बाकी सगळं सुरू झालं, पण नावं मात्र उघडत नाहीत. फिल्टर पिंगला उत्तर देतो, डॅशबोर्डही उघडतो, प्रत्येक क्वेरीपुढे मात्र ‘सर्व्हफेल’, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आलं नाही. हे रास्पबेरी पायवर अनबाउंड, म्हणजे नावांचे पत्ते स्वतः शोधणारा सर्व्हर, बसवलेल्यांना हटकून भेटतं.

रास्पबेरी पाय ४पर्यंतच्या बोर्डांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. पाय ५मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेल्यावर पाय उठतो तो शेवटची जतन केलेली वेळ घेऊन. डीएनएसची खरी-खोटी उत्तरं ओळखणारी डीएनएससेक पद्धत सह्या तपासते, आणि प्रत्येक सहीला ‘अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत’ अशी मुदत असते. घड्याळ मागे असेल तर आजची सही अनबाउंडला भविष्यातली वाटते आणि तो ती नाकारतो. घड्याळ जुळवायचं तर वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायला हवं, आणि ते शोधायला डीएनएस हवा. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

वेळेच्या सर्व्हरचं नाव न देता थेट पत्ता दिला की गाठ सुटते. राउटर वेळ पुरवत असेल तर त्याचाच पत्ता द्या. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ बोर्डाला जोडलं तर प्रश्नच उरत नाही. याच निमित्ताने मेमरी कार्डही तपासा. अचानक वीज जाऊन कार्ड बिघडणं नेहमीचं आहे, आणि लॉग सतत लिहिला जात असल्याने ते लवकर झिजतं. एसएसडी किंवा छोटा यूपीएस, काहीतरी एक असावं.

घराबाहेर असताना

फोन घराबाहेर पडला की फिल्टर मागे राहतो. तो सोबत हवा म्हणून राउटरवर पोर्ट ५३ इंटरनेटला उघडू नका. असे उघडे डीएनएस सर्व्हर शोधणारी यंत्रं सतत फिरत असतात आणि त्यांचा वापर तिसऱ्याच कुणावर रहदारीचा मारा करायला होतो. वायरगार्ड हा घरापर्यंत कूटबद्ध बोगदा जोडणारा व्हीपीएन बसवा, फोनच्या कॉन्फिगमध्ये डीएनएस म्हणून फिल्टरचा पत्ता द्या, आणि बोगद्यातून फक्त तेवढाच पत्ता जाऊ द्या. बाकी रहदारी नेहमीच्या मार्गाने जाते, फोनही मंदावत नाही. वायरगार्ड जोडलंच जात नसेल तर राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होतो का ते बघा. होत असेल तर सेवादाता एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतोय, आणि बाहेरून घरात थेट येता येणार नाही.

लॉग कुणाचा?

फिल्टर पक्का झाला की घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक विचारणा एका ठिकाणी जमा व्हायला लागते. मुलगी कुठल्या आजाराबद्दल वाचतेय, आजोबा रात्री दोन वाजता जागे आहेत का, कुणी नोकरी शोधतंय का, सगळं डॅशबोर्डवर दिसतं. बाहेरच्या कंपनीला जे कळू नये म्हणून एवढा आटापिटा केला, ते घरातल्या एकाला कळायला लागलं तर बाकीच्यांची खासगी बाब राहिलीच नाही. दुरुस्ती चालू असेल तोवर तपशीलवार लॉग ठेवा. काम झालं की पाय-होलच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन साइटची नावं आणि उपकरणं दोन्ही लपवणारी पातळी निवडा, जुना साठा पुसा, आणि डॅशबोर्डला पासवर्ड लावा. एकूण आकडे तरीही दिसतात. फिल्टर चालतोय का हे कळायला तेवढे पुरतात. पुन्हा काही निसटल्याची शंका आली तर घरातल्यांना सांगून लॉग दिवसभर चालू करा, आणि सगळ्यात वरची, फिल्टर बंद करून बघायची तपासणी आधी करा; बहुतेक वेळा लॉग उघडायची गरजच पडत नाही.